फुकटच्या पार्किंगची किंमत

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कारखान्यांत एका मोटारीला उभे राहायला साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा लागते. वळायला-काढायला लागते ती वेगळीच. कर्मचाऱ्याला ही जागा फुकट वाटते. प्रत्यक्षात तिचा खर्च कंपनी करते आणि लाभ फक्त गाडीवाल्याला होतो. बसने किंवा सायकलने येणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा करून काही कंपन्यांना पार्किंग नको असलेल्याला त्या जागेच्या खर्चाएवढी रक्कम रोख द्यायला लावली. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी अशा आठ कंपन्यांचा अभ्यास केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवत येणारे १७ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आणि गाडीवर बंदी कुणीच घातली नव्हती.

नाशिकची गोष्ट वेगळी, असे कुणी म्हणेल. इथे दुचाक्या फार, पाळ्या अवेळी सुटतात, आणि जुलै २०२१ पासून धावणारी महापालिकेची सिटीलिंक बससेवा संपामुळे कधीकधी ठप्पही झाली आहे. आक्षेप खरा आहे. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओ या नियोजित वाहतूक प्रकल्पासाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. पण घोषणेत बसून कामावर जाता येत नाही! म्हणूनच सुरुवात कंपनीनेच करायला हवी. कोण सिडकोतून, कोण नाशिकरोडहून, कोणत्या पाळीला येतो, ही यादी तिच्याच दप्तरात असते. त्यावरून सामायिक गाड्या जुळवता येतात. मात्र ओव्हरटाइमच्या रात्री घरी सोडण्याची हमी हवीच. तिच्याशिवाय कुणी आपली दुचाकी घरी ठेवणार नाही.