घेतलंत? मग द्या की!

ताईच्या लग्नाचा व्हिडिओ, साइज 40 जीबी. दादा न्यू जर्सीत, मावसभाऊ नाशकात आणि दोघांनाही तो 'आत्ताच्या आत्ता' हवाय! मेलवर जाणार नाही, क्लाउडची फुकटची जागा केव्हाच फुल्ल. अशा वेळी आठवतं ते हॉस्टेलवरचं जुनं लफडं... टॉरंट!

थांबा, लगेच नाक मुरडू नका. 1999 मध्ये नॅपस्टर आलं, गाणी फुकट वाटली आणि कोर्टकचेऱ्यांपायी 2001 मध्ये गाशा गुंडाळून बसलं. तेव्हापासून 'पी-टू-पी म्हणजे चोरी' हे समीकरण डोक्यात पक्कं झालं. पण त्याच वर्षी ब्रॅम कोहेननं आणलेलं बिटटॉरंट हे नुसतं तंत्र आहे. पंगतीत वाढपी एकच असेल, तर शेवटच्या पानावर भात पडेपर्यंत पहिला हात धुऊन मोकळा. इथे मात्र जो तो जेवता जेवता शेजाऱ्याला वाढतो! फाइलचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो. मध्येच लाइट गेली तरी पुन्हा श्रीगणेशा नाही. उबुंटू, डेबियन अशा लिनक्सच्या भल्यामोठ्या फाइल्स टॉरंटवर अधिकृतपणे मिळतात, इंटरनेट आर्काइव्हचा खजिनाही.

मग घोडं अडतं कुठे?

स्पीड : डाउनलोड कितीही झकास असो, पाठवणाऱ्याचा अपलोड महत्त्वाचा. 20 एमबीपीएसनं 40 जीबीची एक कॉपी जायला साधारण साडेचार तास.

प्रायव्हसी : तुमचा आयपी अॅड्रेस देवाणघेवाणीतल्या सगळ्यांना दिसतो. आणि टॉरंटची लिंक ज्याच्या हाती, त्याच्या हाती फाइल. खासगी असेल तर आधी पासवर्ड घालून झिप करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उद्योग नकोतच!

व्हायरस : तपासणी फक्त 'तुकडा बरोबर आहे ना' एवढीच. मूळ फाइलच खोटी असेल तर ती खोटीच येणार, अगदी जशीच्या तशी. सिनेमाच्या नावापुढे 'डॉट ईएक्सई' दिसलं की पळा.

कायदा : नवा सिनेमा उतरवताना तुम्ही तो इतरांना वाटतही असता. कॉपीराइट कायदा 1957 चा, कलम 63 मध्ये जेलचीही सोय आहे.

आणि सगळ्यात मोठी गोम? देणारा उठला की पंगत थांबली. आमचंही तेच झालं. रात्री दोन वाजता 'झालं असेल' म्हणून मी लॅपटॉप मिटला. सकाळी दादाचा फोन, "97 टक्क्यांवर अडकलंय रे. पाठवणीची फाइल उघडतच नाही." मावसभावाकडेही तेवढंच. पाठवणीत बाबा पहिल्यांदा रडले होते आणि पूर्ण कॉपी फक्त माझ्याकडे. लॅपटॉप सुरू होईपर्यंत जीव टांगणीला लागला होता! झाला सुरू, उरलेले तीन टक्के गेले आणि तिकडून दादाचा नुसता हुंदका ऐकू आला.

त्याच संध्याकाळी जाऊन एक हार्ड डिस्क आणली. शेअरिंग म्हणजे बॅकअप नव्हे, बॉस!