व्हॉयेजरची सुवर्ण ध्वनिमुद्रिका : आंतरतारकीय संदेशातील संकेत आणि अर्थ

प्रस्तावना

पृथ्वीबाहेर बुद्धिमान जीवसृष्टी असेल, तर तिच्याशी संवाद कोणत्या भाषेत साधावा, हा प्रश्न खगोलशास्त्राइतकाच भाषाविज्ञानाचा आणि सौंदर्यशास्त्राचाही आहे. 1977 मध्ये 'नासा'ने व्हॉयेजर-1 आणि व्हॉयेजर-2 या यानांवर प्रत्येकी एक ध्वनिमुद्रिका बसवून या प्रश्नाचे एक उत्तर दिले. त्या उत्तराचे स्वरूप आणि त्याच्या मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनिमुद्रिकेचे स्वरूप

सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या या 12 इंची तबकडीवर शंभराहून अधिक चित्रे, निसर्गातील व मानवी जीवनातील ध्वनी, 55 भाषांतील शुभेच्छा आणि सुमारे 90 मिनिटांचे संगीत आहे. शुभेच्छांमध्ये मराठीचाही समावेश आहे. निवड समितीचे अध्यक्ष कार्ल सेगन होते. फ्रँक ड्रेक, अ‍ॅन ड्रुयान, टिमोथी फेरिस प्रभृती त्यांचे सहकारी होते.

संकेतांची उकल

तबकडी कोणत्या गतीने फिरवावी, हे परग्रहवासीयांना 'सेकंद' या एककात सांगता येत नाही. कारण सेकंद हे मानवाचे एकक आहे. म्हणून हायड्रोजन अणूच्या एका विशिष्ट संक्रमणाशी निगडित असलेला, सेकंदाच्या सुमारे 0.7 अब्जांश इतका कालावधी एकक मानला गेला. तबकडीच्या एका फेऱ्यास लागणारा 3.6 सेकंदांचा काळ आवरणावर या एककाच्या पटीत, द्विमान अंकांत कोरलेला आहे. 14 स्पंदताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याचे स्थान दर्शविले आहे. आवरणावरील युरेनियम-238 चे अर्धायुष्य सुमारे 4.5 अब्ज वर्षे असल्याने, त्याच्या ऱ्हासावरून प्रक्षेपणानंतर किती काळ लोटला, याचे अनुमान करता येईल. हायड्रोजन सर्वत्र सारखाच असल्यामुळे संदेशाचा हा भाग तत्त्वतः कोणासही उलगडण्याजोगा आहे.

संगीताचा अर्थ

संगीताच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. ध्वनिमुद्रिकेत बाखच्या रचनांसमवेत जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. जागतिक संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी तिची शिफारस केली होती. गोव्यातील केरी येथे जन्मलेल्या आणि उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे तालीम घेतलेल्या केसरबाईंचे हे गायन जेमतेम साडेतीन मिनिटांचे आहे. मैफलीत विस्ताराने फुलणारी गायकी जुन्या तबकडीच्या मर्यादेत बसवावी लागल्याचा तो परिणाम होय. भैरवीने मैफलीची सांगता होते, हा संकेत रसिकाला परंपरेतून कळतो. तो कोणत्याही अणूच्या गुणधर्मावरून काढता येत नाही. ध्वनिलहरी पुन्हा निर्माण करता येतील. परंतु त्यांतील आर्तता ओळखण्यासाठी ऐकणाऱ्याचा कान त्या संस्कारात घडलेला असावा लागतो. व्हॉयेजर-1 चे प्रक्षेपण 5 सप्टेंबर 1977 रोजी झाले आणि त्यानंतर अकराच दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले.

समारोप

व्हॉयेजर-1 ने ऑगस्ट 2012 मध्ये, तर व्हॉयेजर-2 ने नोव्हेंबर 2018 मध्ये आंतरतारकीय अवकाशात प्रवेश केला. सुमारे 40,000 वर्षांनी व्हॉयेजर-1 दुसऱ्या एका ताऱ्याजवळून जाईल. पण तेव्हाही दोहोंत दीड प्रकाशवर्षाहून अधिक अंतर असेल. ध्वनिमुद्रिका कोणाच्या हाती पडण्याची शक्यता अत्यल्पच आहे. तरीही हा प्रयत्न निरर्थक ठरत नाही. समस्त मानवजातीच्या वतीने बोलताना काय निवडावे आणि काय वगळावे, याचा निर्णय एका लहान समितीस अल्पावधीत घ्यावा लागला. त्या निवडीत मराठीचे काही शब्द आणि एक भैरवी आली. असंख्य भाषा आणि गायनपरंपरा मात्र बाहेर राहिल्या. त्यांपैकी ज्यांचे ध्वनिमुद्रणच झालेले नाही, त्यांचा विचारही अशा निवडीत होऊ शकत नाही. म्हणूनच ताऱ्यांना उद्देशून लिहिलेला हा संदेश प्रथम पृथ्वीवासीयांनाच वाचावा लागतो. जे पृथ्वीवर जतन झाले नाही, ते अवकाशात पाठवताही येत नाही, हे त्याचे सार होय.