दूध कमी येतं की बाळ कमी पितं?

पहिलं बाळंतपण माहेरी. रिद्धपूरसारख्या गावात लेक बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येते. बाळ रात्री दर तासाला उठतं, रडतं. शेजारची काकू पाहायला येते आणि जाता जाता म्हणते, ‘‘पोरीले दूधच नाई येत वाटते. पोट्टं उपाशी रायते.’’ दुसऱ्या दिवशी घरात पावडरचा डबा आणि बाटली येते. पंधरा दिवसांत आईचं दूध खरोखरच कमी होतं आणि काकूचं बोलणं खरं ठरतं.

असं का होतं? मोर्शी-वरुडच्या संत्रा पट्ट्याला एक गोष्ट चांगली ठाऊक आहे : उपसा वाढला की विहीर आटते. आईच्या दुधाचं मात्र उलट आहे. इथे उपसा थांबला की झरा आटतो.

बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूला संदेश जातो. त्यातून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दूध तयार करायला लावतं आणि ऑक्सिटोसिन ते वाहतं करतं. स्तन रिकामा झाला की नवं दूध लवकर तयार होतं. भरलेला राहिला की शरीर समजतं, मागणी कमी आहे. बाटलीने पोट भरलेलं बाळ कमी चोखतं, म्हणून दूध कमी होतं, म्हणून पुन्हा बाटली. हे चक्र सुरू होऊ न देणं हाच दूध वाढवण्याचा पहिला उपाय.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो पिवळसर चीक. तो थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेवढंच असतं. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरतं. सिझेरियन झालं असेल तर थोडा उशीर होऊ शकतो.

पोट भरतंय हे कसं ओळखायचं?

रडण्यावरून नाही, आणि स्तन मऊ वाटतात यावरूनही नाही. पाचव्या दिवसानंतर बाळ २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा फिकट लघवी करत असेल, तर दूध पोटात जातंय. सुरुवातीला वजन थोडं घटतं, पण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनाइतकं व्हायला हवं. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिच्याकडून वजन करून घ्या. काट्यावरचा आकडा कुणाच्याही अंदाजापेक्षा खरा.

दूध वाढवण्यासाठी

• २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजा. रात्रीचं पाजणं टाळू नका. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असतं.

• फक्त बोंडी नव्हे, भोवतालचा काळा भागही बाळाच्या तोंडात जायला हवा. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, नाक मोकळं. पाजताना दुखत राहिलं तर पकड चुकली आहे. बोटाने अलगद सोडवून पुन्हा लावा.

• बाळाला उघड्या छातीशी धरा. आईच्या त्वचेचा स्पर्श झाला की ते चोखायला लागतं.

• बाळ नीट चोखत नसेल तर पाजल्यानंतर हाताने दूध काढा आणि वाटी-चमच्याने पाजा.

• बाळंतिणीला झोप हवी. स्वयंपाक, पाहुणे, धुणं इतरांनी सांभाळावं. खूप वेदना आणि ताण असला की दूध वाहायला अडथळा येतो.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, शतावरी यांनी दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. लाडू खुशाल खावेत, पण भरवसा पाजण्यावर ठेवावा. आईला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणून भाकरी, वरण, भाजी, दूध, अंडी पोटभर द्या. तिचं पाणी तोडू नका. बाळाला मात्र सहा महिने पाणी, मध, गुटी काहीच नको. वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही आईच्या दुधातलं पाणी त्याला पुरतं. ऊन वाढलं तर जास्त वेळा पाजा.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तिथे इतर मातांनी दिलेलं, निर्जंतुक केलेलं दूध मिळतं. जी बाळं चोखूच शकत नाहीत, त्यांच्या आयांनाही दिवसातून आठ-दहा वेळा हाताने दूध काढलं तर ते टिकवता येतं. नियम तोच : काढलं की येतं.

खरंच कमी असेल तर

काही मातांना सगळं करूनही दूध पुरत नाही. थायरॉइडचा आजार, बाळंतपणात झालेला फार रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं किंवा स्तनाची शस्त्रक्रिया ही त्यामागची कारणं असू शकतात. तो आईचा दोष नाही. अशा वेळी वरचं दूध डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजून आणि वाटी-चमच्याने द्यावं, अंगावर पाजणंही चालू ठेवावं. दूध वाढवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, लघवी कमी झाली, डोळे-अंग फार पिवळं दिसलं किंवा ताप आला, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. बाकी दिवशी काकू काही बोललीच तर एवढंच सांगा : ‘‘काकू, आशाताईनं वजन केलं. वाढलं आहे.’’