धाकट्याचे नाव

पहिल्या मुलाच्या वेळी आईबाप नाव शोधतात; दुसऱ्याच्या वेळी यमक शोधतात. थोरल्याच्या नावाच्या शेवटी 'राज' आला असेल, तर धाकट्याच्याही यायलाच हवा. थोरला 'अ'पासून सुरू होत असेल, तर धाकट्याने दुसऱ्या अक्षराकडे पाहायचे नाही. अशा जोडनावांची दोन भावंडे एका शाळेत गेली म्हणजे हजेरी घेणारे मास्तर धाकट्याला हमखास थोरल्याच्या नावाने हाक मारतात, आणि "सर, तो माझा दादा!" असे सांगता सांगता त्या बिचाऱ्याचे बालपण सरते.

ही तक्रार काल्पनिक नाही. आमची धाकटी बहीण वाशीम जिल्ह्यातील मेडशी येथे दिलेली आहे. मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावरचे, मालेगाव तालुक्यातले गाव. मालेगाव म्हटले की लगेच खुलासा करावा लागतो, "नाशिककडचे नव्हे हो, आमचे वाशीमचे!" थोरल्याचेच नाव घेऊन जगात वावरणाऱ्याची स्थिती काय होते, हे त्या तालुक्यातल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीसुद्धा बहिणीला दुसरा मुलगा झाला, तेव्हा घरात पहिला ठराव झाला तो यमकाचाच. थोरल्याच्या नावात 'राज' आहे, म्हणून वहीत लिहिलेल्या सतरा नावांपैकी सोळांच्या शेवटी 'राज' होता. सतरावे नाव आजोबांचे होते.

गुरुजींनी पंचांग पाहिले. बाळाचा जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे एकशेआठ, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेले. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ. तिसऱ्या चरणाला आला 'ण'! मराठीच्या प्राध्यापकाकडे सर्वांच्या नजरा वळल्या. 'ण'ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही, हे मी नम्रपणे सांगितले. आर्द्रा नक्षत्रावर जन्मणाऱ्यांची स्थिती याहून बिकट आहे, कारण त्यांच्या एका चरणाला 'ङ' येतो. परंतु शास्त्रकार आपल्यापेक्षा व्यवहारी होते. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचे एक नाव मुंजीपर्यंत केवळ आईबापांनाच ठाऊक असावे, असे सांगितले आहे. पुढच्या धर्मग्रंथांत तर देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे आली. तेव्हा 'ण' पत्रिकेत सुखाने राहो. हाक मारायला दुसरे नाव घ्यावे.

ते दुसरे नाव कसे असावे? पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना, या प्रश्नाला हात घातला आहे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, आरंभी घोष व्यंजन असावे, मध्ये य, र, ल, व यांपैकी एखादे यावे, बापाच्या वरच्या तीन पिढ्यांतील पुरुषांची आठवण त्यात असावी आणि ते शत्रूच्या घरचे नसावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांत थोरल्या भावाशी यमक जुळावे, असे कुठेही म्हटलेले नाही.

तीन पिढ्यांचा हा नियम मेडशीच्या शेजारीच पाळला गेला होता. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा स्थापन करणाऱ्या सर्वसेनाने मुलाचे नाव विंध्यशक्ती ठेवले. ते त्या मुलाच्या पणजोबांचे. विंध्यशक्तीने आपल्या मुलाचे नाव प्रवरसेन ठेवले, तेही पणजोबांचेच. पुढे शतके लोटली तरी ही वहिवाट मोडली नाही. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे पाहा. त्यांच्या थोरल्या मुलाचे, म्हणजे बाजीरावाचे, मूळ नाव विसाजी. ते आजोबा विश्वनाथांचे. बाजीरावाचा थोरला मुलगा पुन्हा बाळाजी. थोरल्याच्या नावावर घराण्याचा पहिला हक्क असे आणि तो बहुधा वसूल होई.

मग धाकट्याचे काय? माझ्या मते धाकट्याचे भाग्य इथेच उघडते. घराण्याचे कर्ज थोरल्याने फेडलेले असते; आता आईबाप मोकळे असतात. शिवाजीमहाराजांचे घराणे पाहा. मालोजी, शहाजी, शरीफजी, शिवाजी, व्यंकोजी, संभाजी, अशी 'जी'ची अखंड माळ. शहाजी आणि शरीफजी ही भावांची जोडी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून ठेवली, असे बखरी सांगतात. म्हणजे एका नावाची दोन मुलांत वाटणी करण्याची हौसही जुनीच. महाराजांचे थोरले पुत्र संभाजीराजे यांना कनकगिरीला पडलेल्या काकांचे नाव मिळाले. आणि १६७० साली राजगडावर दुसरा मुलगा झाला, तेव्हा ही 'जी'ची माळ बाजूला ठेवून नाव आले राजाराम! चार अक्षरे, आरंभी घोष व्यंजन, पोटात 'र'. पतंजलीनेही मान डोलावली असती.

विठ्ठलपंतांच्या घरी निवृत्तीनंतर आलेला दुसरा मुलगा ज्ञानदेव. निवृत्ती, ज्ञान, सोपान, मुक्ती असा चौघा भावंडांच्या नावांत एक अर्थ ओवलेला आहे. पण एकाही नावाचे दुसऱ्याशी यमक नाही. भगूरच्या सावरकरांकडे थोरला गणेश आणि धाकटा विनायक. दैवत एकच, नावे मात्र निराळी. हाक मारली तर कोणी यायचे याचा घोटाळा नाही. भावाभावांचे नाते अर्थात असावे, अंत्याक्षरात नव्हे.

मेडशीच्या बैठकीत हे सारे मी मांडले. बहिणीचे सासरे सावकाश म्हणाले, "सर, वावरातून हाक मारली तं पोराले आयकू आलं पायजे. बाकी तुमचा पतंजली काय म्हन्ते ते म्हनो." नामकरणावर इतके नेमके भाष्य मी कुठल्याच ग्रंथात वाचलेले नाही. त्यांच्या मनात स्वतःच्या वडिलांचे नाव होते. वाकाटकांची रीत, पण सासूबाई अडल्या. सासऱ्यांचे नाव त्यांनी आयुष्यात उच्चारलेले नाही. नातवाला त्या नावाने कशा हाक मारणार? अशा घरांतूनच आबा, बापू, अण्णा यांचा जन्म झाला आहे. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, पणजोबांचे. जगाने ओळखले ते बाळ गंगाधर या नावाने.

इथे बहीण प्रथमच बोलली. "दादा, याच्या नावात माझंही नाव येणार आहे ना?" तिचे म्हणणे खरे होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. थोरला २०२१ सालचा. शाळेत त्याच्या नावापुढे फक्त वडील. धाकट्याच्या नावापुढे आधी आई. एका आईची दोन मुले, पण तिचे नाव एकाच्याच नावात! "मग याचं नाव तरी मला बोलता येईल असं ठेवा," ती म्हणाली. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या. जिने पतीचे नाव फक्त उखाण्यात घेतले, तिच्या नातवाच्या नावात आता सुनेचे नाव कायमचे बसणार होते. मग त्याच म्हणाल्या, "तिलेच ठरवू द्या."

पणजोबांचे नाव पत्रिकेत गेले. व्यवहाराचे नाव बहिणीने निवडले: छोटे, सुटसुटीत, 'राज' नसलेले. बाराव्या दिवशी आत्याने ते बाळाच्या कानात सांगितले आणि घुगऱ्या वाटल्या. ते नाव इथे छापू नये, अशी सासूबाईंची ताकीद आहे.

ज्यांच्या घरी या दिवाळीत दुसरा पाळणा हलतो आहे, त्यांनी घाई करू नये. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण नाव पुढे नोंदीपासून वर्षभरात विनाशुल्क घालता येते. तेवढ्या अवधीत एकच परीक्षा घ्यावी. मनात धरलेले नाव अंगणातून मोठ्याने पुकारावे. थोरल्याने 'ओ' दिली, तर नाव बदलावे. त्याने पाळण्याकडे बोट दाखवले, तर नाव पक्के समजावे.