धन्वंतरी महाल

प्रास्ताविक

घरात कोणी आजारी पडले की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी काढा उकळायला ठेवते, शेजारी एखाद्या वैद्याचे नाव सांगतात, मुलगा दवाखान्यातून गोळ्या आणतो. तिन्ही औषधे एकाच वेळी पोटात जातात. चार दिवसांनी रोगी बरा होतो आणि प्रत्येक जण म्हणतो, "माझ्याच औषधाने गुण आला!" यांपैकी खरे कोणाचे मानायचे? हा प्रश्न सोपा वाटतो; पण त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यकशास्त्राची कित्येक शतके गेली आहेत. सुमारे 200 वर्षांपूर्वी तंजावूरच्या एका मराठी राजाने या दिशेने जो प्रयत्न केला, त्याची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• धन्वंतरी महालातील कार्याची माहिती सांगता येईल;
• औषधाचा गुण पारखण्यासाठी नोंद आणि तुलना का आवश्यक असते, हे स्पष्ट करता येईल;
• स्वतःच्या उपचारांबाबत घ्यावयाची काळजी सांगता येईल.

मूळ पाठ

कावेरीकाठचे मराठी राज्य

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. तमिळ प्रदेशाच्या मध्यभागी, कावेरीच्या सुपीक खोऱ्यात हे मराठी राज्य 1855 पर्यंत टिकले. दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या भाषा एकत्र नांदत होत्या आणि सरकारी कागद मोडी लिपीत लिहिले जात होते.

या घराण्यातील सर्फोजी राजे दुसरे यांचा जन्म 1777 मध्ये झाला. तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले होते. श्वार्ट्‌झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. 1798 मध्ये ते गादीवर आले. परंतु दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला आणि राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा प्रदेश एवढाच अधिकार उरला. सत्ता गेली, तरी राजांनी आपला वेळ व्यर्थ घालवला नाही. ग्रंथसंग्रह, मुद्रण, शिक्षण आणि वैद्यक या कार्यांना त्यांनी वाहून घेतले. त्यांच्या छापखान्यातून 1806 मध्ये 'बालबोधमुक्तावली' हे इसापनीतीच्या कथांचे मराठी पुस्तक देवनागरी लिपीत छापले गेले. 1826 मध्ये बिशप हेबर हे इंग्रज धर्मगुरू तंजावूरला आले, तेव्हा युरोपातील शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी राजे किती सहजतेने बोलतात, हे पाहून ते थक्क झाले.

एका छताखाली चार वैद्यके

राजांनी वैद्यकाच्या अभ्यासासाठी 'धन्वंतरी महाल' ही संस्था उभारली. येथे आयुर्वेद, तमिळ प्रदेशातील सिद्ध वैद्यक, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. औषधे तयार होत, ती रुग्णांना दिली जात आणि त्यांचा परिणाम पाहिला जाई. माणसांबरोबर पशूंच्या रोगांवरील औषधेही येथे तयार होत.

दरबाराने चालवलेल्या छत्रांशीही वैद्यकाचा संबंध होता. यात्रेकरूंना तेथे निवारा आणि अन्न मिळे. एखादा वाटसरू आजारी पडला, तर तो बरा होईपर्यंत त्याला औषध आणि पथ्याचे अन्न देण्याची व्यवस्था होती. सर्पदंशावर उपचार करणारे जाणकारही तेथे असत.

धन्वंतरी महालात उपयुक्त ठरलेले योग पुढे तमिळ पद्यांत गुंफण्यात आले. राजांच्या 'शरभेंद्र' या नावावरून हा संग्रह 'शरभेंद्र वैद्य मुरैगळ' म्हणून ओळखला जातो. 'मुरैगळ' म्हणजे पद्धती. त्या काळी छापील पुस्तक सामान्य वैद्याच्या हाती सहसा पडत नसे; पद्य मात्र ऐकून पाठ करता येई. राजाच्या महालातील ज्ञान गावच्या वैद्यापर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग होता. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रेही राजांनी काढून घेतली. चित्रांचा हा खटाटोप कशासाठी, हे आपण पुढे पाहू.

डोळ्यांच्या नोंदी

तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही जतन केलेल्या आहेत. कागदावर रुग्णाची माहिती, त्याची तक्रार, केलेला उपचार आणि त्याचा परिणाम इंग्रजीत लिहिलेला आहे. सोबत रोगग्रस्त डोळ्याचे रंगीत चित्र आहे. मोतीबिंदूसारख्या विकारांवरील शस्त्रक्रियांच्या या नोंदींशी डॉ. मॅकबीन या इंग्रज डॉक्टरांचे नाव निगडित आहे. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. आपल्या दृष्टीने मात्र शस्त्र कोणाच्या हाती होते यापेक्षा लेखणी कोणाच्या तरी हाती होती, हे अधिक महत्त्वाचे आहे.

असे का म्हणायचे? माणसाची स्मृती पक्षपाती असते. बरे झालेले रुग्ण वैद्याच्या लक्षात राहतात. ते आभार मानायला परत येतात. ज्यांना गुण आला नाही, ते दुसऱ्या वैद्याकडे जातात आणि विस्मरणात जातात. कागद मात्र असा भेद करीत नाही. उपचारापूर्वी डोळा कसा होता आणि नंतर कसा झाला, हे लिहिलेले असले, तर दोनशे वर्षांनंतरचा अनोळखी वाचकही ते तपासू शकतो.

नोंदीच्या पुढचे पाऊल

तरीही नोंद पुरेशी नसते. सर्दी, साधा ताप, जुलाब असे अनेक आजार औषधाशिवायही काही दिवसांत बरे होतात. अशा वेळी 'औषध घेतले आणि बरे वाटले' या वाक्यावरून 'औषधामुळे बरे वाटले' असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी ते औषध न घेतलेल्या, पण तशाच आजाराच्या दुसऱ्या रुग्णांशी तुलना करावी लागते.

तंजावूरला नेत्ररुग्णांच्या नोंदी लिहिल्या जात होत्या, साधारण त्याच काळात पॅरिसमध्ये पिएर लुई हे डॉक्टर रुग्णांची मोजणी करीत होते. शिरेतून रक्त काढणे हा तेव्हा युरोपात सर्रास केला जाणारा उपचार होता. न्यूमोनियाच्या रुग्णांमध्ये तो केव्हा केला आणि पुढे काय झाले, याची लुई यांनी तुलना केली. समजूत होती त्याच्या मानाने या उपचाराचा उपयोग फारच थोडा आहे, असे त्यांनी 1835 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. म्हणजे कसोटी केवळ पौर्वात्य वैद्यकालाच लागते असे नाही. पाश्चात्त्य वैद्यकालाही आपल्या जुन्या समजुती याच कसोटीवर सोडून द्याव्या लागल्या.

चीनमधील एक उदाहरण

जुन्या ग्रंथाचे मोल या कसोटीमुळे कमी होत नाही. उलट कधी कधी ते उजळून निघते. 1967 मध्ये चीनने मलेरियावरील औषधाच्या शोधासाठी एक मोहीम सुरू केली. तू योयो या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह पारंपरिक चिनी वैद्यकाचे ग्रंथ चाळले. 'छिंगहाव' नावाच्या वनस्पतीचा उल्लेख त्यांना आढळला. पण तिच्या अर्काचे परिणाम एकसारखे येईनात. तेव्हा चौथ्या शतकातील गं हुंग या वैद्याच्या ग्रंथातील एका सूचनेकडे त्यांचे लक्ष गेले. वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा, असे तेथे म्हटले होते. उकळावी असे म्हटले नव्हते. उष्णतेने तिचा गुण नष्ट होत असावा, असा तर्क तू योयो यांनी केला. 1971 मध्ये कमी तापमानाला अर्क काढल्यावर प्राण्यांवरील प्रयोग यशस्वी झाले. 1972 मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला आणि नंतर रुग्णांना दिला. त्यातूनच 'आर्टेमिसिनिन' हे औषध हाती आले आणि 2015 मध्ये तू योयो यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्रंथाने दिशा दाखवली आणि प्रयोगाने खात्री पटवली. दोहोंपैकी एकाच्याच आधाराने हे औषध मिळाले नसते.

चित्रे कशासाठी?

आता वनस्पतींच्या चित्रांकडे वळू. 1990 नंतरच्या काळात बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पती असलेली औषधे घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. ठरलेल्या वनस्पतीऐवजी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी, विषारी वनस्पती त्या औषधात आली होती. नावात साम्य, गुणात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर!

आपल्याकडील गुळवेलीचे उदाहरणही बोलके आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरोधजन्य काविळीच्या 30 रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले आणि दुसऱ्याला त्यांच्या जोडीला गुळवेल दिली. 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुळवेल घेतलेल्या गटातील अधिक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर वाचल्याचे दिसले. निष्कर्ष आशादायक होता; पण 30 ही संख्या लहान आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे करोनाच्या साथीत अनेकांनी कोणालाही न विचारता गुळवेलीचे काढे घेतले. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्यावर घेतला. वाद कोणत्याही बाजूने सुटो, एक गोष्ट स्पष्ट आहे : कोणती वनस्पती, किती प्रमाणात आणि कोणाला दिली, हे नक्की ठाऊक नसेल, तर औषध आणि विष यांतील अंतर फार थोडे राहते. सर्फोजी राजांनी काढून घेतलेल्या चित्रांचे महत्त्व येथे कळते.

आपली जबाबदारी

सर्फोजी राजांचे निधन 1832 मध्ये झाले. त्यांच्या काळात रुग्णांचे गट करून तुलना करण्याची आजची पद्धत रूढ नव्हती. त्यामुळे धन्वंतरी महालातील प्रत्येक योग आजच्या अर्थाने सिद्ध झाला आहे, असे म्हणता येणार नाही. पण वेगवेगळ्या पद्धतींच्या जाणकारांना एकत्र बसवणे, परिणाम पाहणे आणि लिहून ठेवणे हा पाया तेथे घातला गेला होता. 'हे आपले म्हणून खरे' किंवा 'हे परके म्हणून खोटे' असे त्या महालात मानले गेले नाही, हीच त्याची थोरवी होय.

ही वृत्ती आपल्यालाही अंगी बाणवता येईल. दवाखान्याचे कागद तारखेनुसार जपून ठेवावेत. डॉक्टरांकडे गेल्यावर चालू असलेला काढा, चूर्ण, भस्म यांविषयी न संकोचता सांगावे आणि वैद्याकडे गेल्यावर चालू असलेल्या गोळ्यांविषयी सांगावे. मनाने कोणतेही चालू औषध बंद करू नये. एखाद्या औषधाच्या चाचणीत सहभागी होण्याविषयी कोणी विचारले, तर ती चाचणी कशासाठी आहे, धोका कोणता आहे, मध्येच बाहेर पडता येईल का, हे विचारण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. समजून दिलेल्या संमतीशिवाय कोणालाही चाचणीत घेता येत नाही. अशा चाचण्यांची आगाऊ नोंदणी करणे आपल्या देशात 2009 पासून आवश्यक झाले आहे. अपयश झाकून केवळ यश सांगितले जाऊ नये, हा त्यामागील एक प्रमुख हेतू आहे.

तंजावूरच्या त्या कागदांवर ज्यांचे डोळे रेखाटले आहेत, ती सारी माणसे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली. त्यांच्या दुखण्याची नोंद मात्र राहिली आणि ती आजही आपल्याला पाहायला शिकवते.

शब्दार्थ

योग – औषधी द्रव्यांचे ठरावीक प्रमाणातील मिश्रण
छत्र – वाटसरूंसाठी मोफत अन्न व निवारा देणारे ठिकाण
पथ्य – आजारात पाळावयाचे खाण्यापिण्याचे नियम
पक्षपाती – एकाच बाजूला झुकणारी
अवरोधजन्य – अडथळ्यामुळे निर्माण झालेली

पाठान्त प्रश्न

1. धन्वंतरी महालात कोणकोणत्या वैद्यक पद्धतींचे जाणकार काम करीत असत?
2. 'माणसाची स्मृती पक्षपाती असते', असे लेखकाने का म्हटले आहे?
3. जुना ग्रंथ आणि नवा प्रयोग या दोहोंची आवश्यकता आर्टेमिसिनिनच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
4. तुमच्या घरात गेल्या महिन्यात कोणी आजारी पडले असेल, तर आजाराची तारीख, लक्षणे, घेतलेली सर्व औषधे आणि परिणाम यांची नोंद एका पानावर लिहा. कोणत्या औषधाने गुण आला हे त्यावरून सांगता येते का? आपले मत कारणांसह लिहा.