नाव घातले, पण टिकले किती?

दरवर्षी निकाल लागले की आमच्याकडे फोटोंचा ढीग येतो. कुणाला दहावीला नव्वद टक्के, कुणाला बारावीला पंच्याऐंशी; सोबत जमातीने केलेल्या सत्काराची बातमी. आम्हीही ते हौसेने छापतो. मात्र ज्याने कॉलेजात नाव घातले आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात पाऊल टाकले नाही, त्याचा फोटो कुणी पाठवत नाही. त्याच्याबद्दल घरात एवढेच बोलले जाते, "त्याचे मन अभ्यासात लागत नव्हते."

न्यूयॉर्क शहरात या समजुतीची रीतसर परीक्षा झाली, ती हकिकत वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे, कमी फीचे, सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज. शाळा पूर्ण केलेल्या जवळजवळ कुणालाही तिथे प्रवेश मिळतो. असे पहिले सरकारी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी निघाले. दिवसा दुकानात काम करणारे, बाहेरच्या देशांतून आलेले, पदरी लेकरे असलेल्या आया असे विद्यार्थी तिथे येतात. येतात आणि मोठ्या संख्येने मधेच निघूनही जातात.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' नावाची योजना सुरू केली. सरकारी मदत मिळूनही फीतली जी रक्कम अंगावर राहते, ती माफ केली. पुस्तके मोफत दिली. दर महिन्याला बस आणि भुयारी रेल्वेचा पास दिला; पण मार्गदर्शकाला भेटल्याशिवाय पास नाही. कच्च्या विषयांचे वर्ग पुढे ढकलायचे नाहीत आणि शिक्षण पूर्णवेळ घ्यायचे, या अटीही होत्या. आमच्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट होती ती मार्गदर्शकाची. एरवी त्या कॉलेजांत एका मार्गदर्शकाकडे सहाशे ते पंधराशे विद्यार्थी असत. या योजनेत साठ ते ऐंशी. म्हणजे मुलगी दोनदा आली नाही तर तिची विचारपूस करायला कुणाला तरी सवड होती.

पुढे एमडीआरसी या संशोधन संस्थेने तीन कॉलेजांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थ्यांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. सगळेच गरीब घरचे, सगळेच एखाद-दुसऱ्या विषयात कच्चे. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातले २२ टक्के विद्यार्थी पदविका घेऊन बाहेर पडले. योजनेतल्या गटातले ४० टक्के. मुले तीच, मोहल्लेही तेच. मन न लागण्याचाच प्रश्न असता, तर पास आणि विचारपुशीने एवढा फरक पडला असता का? (साठ टक्क्यांची पदविका तरीही राहिलीच, हेही विसरू नये.) ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हीच पद्धत उचलली. तिथे हे प्रमाण १९ वरून ३५ टक्क्यांवर गेले.

खर्च? न्यूयॉर्कमध्ये दर विद्यार्थ्यामागे सुमारे साठ टक्के जास्त आला. पण मधेच गळणाऱ्यांवर केलेला खर्चही खर्चच असतो. तो धरून हिशेब केला, तेव्हा एका पदविकेमागचा खर्च उलट कमी निघाला.

अभ्यासक्रमाबाबतचा एक प्रयोग तर आम्हालाही चकित करून गेला. गणितात कच्च्या मुलांना आधी शाळेतले बीजगणित पुन्हा शिकवायचे आणि त्याचे श्रेयांक मात्र द्यायचे नाहीत, अशी तिथली जुनी रीत. २०१३ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीच्या तीन कॉलेजांत अशा काही मुलांना थेट कॉलेजच्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसवले आणि जोडीला आठवड्याला जादा तास दिला. बीजगणितवाले ३९ टक्के उत्तीर्ण झाले, संख्याशास्त्रवाले ५६ टक्के. काहींना बीजगणितासोबतही तोच जादा तास दिला होता. त्यांचे प्रमाण ४५ टक्के. 'आधी पाया पक्का करू' म्हणत आपण मुलाला किती दिवस उंबरठ्यावर उभे ठेवतो, हे शिक्षक असलेल्या वाचकांनी पाहावे.

आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्या जमातींच्या शिष्यवृत्त्यांची रीत एकदा तपासायला हवी. बहुतेक ठिकाणी जूनमध्ये अर्ज, जुलैत धनादेश आणि मग पुढच्या जूनपर्यंत गाठ नाही. टक्केवारी पाहून मदत दिली जाते, त्यामुळे पंचावन्न टक्केवाला रांगेत उभाच राहत नाही. आणि डिसेंबरात अब्बांचे काम सुटते, एसटीच्या पासचे पैसे उरत नाहीत, तेव्हा तो मुलगा कुणाकडे जाणार? मुलीच्या बाबतीत तर घरी बसवायला एवढे निमित्तही पुरते.

आमची एक विनंती आहे. आपल्या घरात, नात्यात किंवा मोहल्ल्यात या वर्षी कुणी कॉलेज मधेच सोडले असेल, तर नाव न देता आम्हाला लिहून कळवा: कोणत्या महिन्यात सोडले, त्या वेळी किती रुपये कमी पडत होते, आणि सोडल्यावर कॉलेजातून किंवा जमातीतून विचारायला कुणी आले का. आलेली पत्रे आम्ही गुणवंतांच्या फोटोंशेजारी छापू.