महारोहिणीला बाहेरचा आधार

झाशीचा इलाइट चौराहा घ्या, किंवा पुण्यानागपूरकडचा कोणताही वर्दळीचा चौक घ्या. सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर ट्यूब टायरबाहेर काढून तीत हवा भरतो, तेव्हा ती सर्वत्र सारखी फुगत नाही. जेथे ती कमकुवत असते तेथे फुगवटा येतो, आणि नंतर भरलेली हवा त्या फुगवट्यालाच वाढवीत जाते. तीच ट्यूब टायरमध्ये बसविली म्हणजे कितीतरी अधिक दाब निमूटपणे सोसते. हवा धरून ठेवणे हे टायरचे काम नव्हे. तो ट्यूबला मर्यादेत ठेवतो, एवढेच. हृदयाजवळच्या एका नाजूक शस्त्रक्रियेचे मर्म याच तत्त्वात आहे.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघणारी महारोहिणी ही शरीरातील सर्वांत मोठी रक्तवाहिनी. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोक्यांचा मारा ती सोसते. प्रत्येक ठोक्याला ती किंचित ताणली जाते आणि पुन्हा आकसते. नळीच्या भित्तीवरील ताण रक्ताच्या दाबाबरोबर आणि नळीच्या त्रिज्येबरोबर वाढतो, आणि भित्ती जाड असेल तितका कमी होतो. फ्रेंच गणिती लाप्लास यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तीन सेंटिमीटर व्यासाची महारोहिणी पाच सेंटिमीटर झाली, तर रक्तदाब तोच असूनही ताण दीडपटीहून अधिक होतो. फुगताना भित्ती पातळही होते, म्हणून प्रत्यक्ष ताण त्याहूनही जास्त. रुंदीमुळे ताण आणि ताणामुळे रुंदी, असे हे दुष्टचक्र आहे. त्याचा शेवट भित्ती चिरण्यात होऊ शकतो.

मार्फान विकारात हा धोका विशेष असतो. सुमारे पाच हजारांत एकाला होणारा हा जन्मजात विकार आहे. अंगकाठी उंच व सडपातळ, बोटे लांब आणि पुष्कळदा डोळ्यांतील भिंग सरकलेले, ही त्याची बाह्य लक्षणे. आईला किंवा वडिलांना तो असल्यास प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. महारोहिणी रुंदावत असताना रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही.

फुगलेला भाग काढून कृत्रिम नळी आणि झडप बसविण्याची शस्त्रक्रिया ह्यू बेंटाल यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. तिने असंख्य प्राण वाचविले. परंतु धातूची झडप बसविल्यास रक्त न गोठण्याचे औषध जन्मभर घ्यावे लागते. बाहेरून आधार देण्याची कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९४८ साली रुडॉल्फ निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीला सेलोफेन गुंडाळले होते. अखेर १९५५ साली ती फुटूनच त्यांचा अंत झाला. तरी मधली सहा वर्षांहून अधिक काळ त्यांना लाभला.

ही कल्पना नेमकेपणाने पुढे नेली ती एका अभियंत्याने. टाल गोल्सवर्दी यांना स्वतःलाच मार्फान विकार होता. रुग्णाच्या महारोहिणीची चुंबकीय प्रतिमा घ्यावी, संगणकाच्या साहाय्याने तिचा हुबेहूब साचा करावा आणि त्यावर पॉलिएस्टरची मऊ जाळी बेतावी, अशी त्यांची योजना. २००४ साली लंडनमध्ये पहिली जाळी बसली ती त्यांच्याच महारोहिणीला.

या आधाराने भित्तीचा भार वाटून घेतला जातो आणि रुंदावणे थोपते. जाळीच्या छिद्रांतून शरीराचे तंतू वाढून ती भित्तीशी एकजीव होते. रक्ताचा प्रवाह मात्र स्वतःच्याच नळीतून आणि स्वतःच्याच झडपेतून चालू राहतो. परंतु जाळी जेथे संपते त्यापुढचा भाग उघडाच असतो. मूळ विकार जात नाही, रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तपासण्या करणे सुटत नाही. एकदा भित्ती चिरल्यावर तर या उपायाची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून ज्या घरात असा विकार आहे, किंवा महारोहिणी फुटून कोणी तरुणपणी गेले आहे, तेथील भावंडांनी व मुलांनी प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. तीत सुई टोचावी लागत नाही, आणि महारोहिणीची रुंदी काही मिनिटांत कळते.